अंगठ्याची दिशा, बोटांचा फेरा

अंगठा! उजव्या हाताचा नुसता अंगठा! बोल्टने ज्या दिशेला जायला हवं, त्या दिशेला अंगठा रोखायचा, बाकीची चार बोटं सहज मिटायची आणि बोटं ज्या अंगाने वळली त्याच अंगाने पाना फिरवायचा. बोल्ट काढायचा असेल तर अंगठा बाहेरच्या दिशेला, बसवायचा असेल तर आतल्या. झालं! गाडी उभी असो, आडवी असो, बोल्ट समोर असो नाहीतर इंजिनाच्या पोटाखाली, हिशेब बदलत नाही. हे कळल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवलं की घट्ट, उलट फिरवलं की सैल, हे आपण सगळेच ऐकून असतो. पण ते घड्याळ कुठून बघायचं? बोल्टच्या डोक्यासमोर उभं राहून. आणि खरी गोम इथेच आहे, कारण गाडीचं काम करताना आपण डोक्यासमोर असतोच कुठे! ऑइल बदलायला बसले, तेव्हा हे मला लख्ख दिसलं. ऑइल काढायचा बोल्ट इंजिनाच्या तळाला, त्याचं तोंड जमिनीकडे. मी गाडीशेजारी पाटावर, वाकून वरून बघतेय, हातातला १७ चा पाना खाली गेलेला. बोल्टला खाली यायचंय, म्हणून अंगठा खाली केला. बोटं मिटली. आणि वरून बघताना ती चक्क काट्यांच्या दिशेने वळली होती! म्हणजे जी दिशा घट्ट करण्याची म्हणून पाठ केलेली असते, तीच इथे वरून बघताना सैल करण्याची. पाना तसा दाबला, कट्ट असा आवाज आला, बोल्ट हलला आणि कोमट काळं ऑइल खालच्या ट्रेमध्ये उतरायला लागलं. काय समाधान असतं हो ते!

इथे दिशा चुकली तर बोल्ट आणखी आवळला जातो. इंजिनाचं ते अंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. मऊ धातूतले आटे गेले की नवे आटे मारून घेण्यावाचून गत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना मी अंगठ्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, आम्ही दिशा बघतच नाही, हाताला कळते.” त्यांच्या हातात जे वर्षानुवर्षांच्या कामाने उतरलंय, ते आपल्याला आपल्याच अंगठ्याकडून मिळतं!

आटे म्हणजे तरी काय, दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. ६ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला एक पूर्ण फेरा दिला की तो बरोबर १ मिलिमीटर पुढे सरकतो. ८ च्या बोल्टला सव्वा मिलिमीटर. हे आकडे जगभर सारखे असावेत म्हणून माणसांनी किती खटपट केली आहे! जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ मध्ये आट्यांचं एक प्रमाण सुचवलं, त्यात आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंश सुचवले आणि आजच्या मेट्रिक बोल्टचाही कोन ६० अंशच आहे. ही प्रमाणं येण्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल याची शाश्वती नव्हती.

स्पार्क प्लग बसवतानाची एक युक्ती तर मला फार आवडली आहे. प्लग भोकावर टेकवायचा आणि आधी उलटा, काढायच्या दिशेने, हलकेच फिरवायचा. एका जागी तो टक्कन किंचित खाली बसतो. तिथे दोन्ही आट्यांची तोंडं जुळलेली असतात. आता सुलटा फिरवा, बोटांनीच, पाना न लावता. तो लोण्यात गेल्यासारखा जातो.

आणि मग उलटे आटे, काट्यांप्रमाणे फिरवलं की सैल होणारे! हा तर खजिनाच आहे. यामाहाच्या अनेक मोटरसायकलींचा उजवा आरसा उलट्या आट्यांचा असतो. का? उजव्या आरशाला समोरून काही धडकलं तर तो मागे ढकलला जातो, आणि वरून बघितलं तर ती दिशा काट्यांची. सुलटे आटे असते तर आरसा आणखी आवळला गेला असता. उलट्या आट्यांमुळे तो सैल होऊन वळतो. गॅस वेल्डिंगच्या दुकानात बघा, ॲसिटिलीनच्या नळीचे नट उलट्या आट्यांचे आणि त्यांच्या कडांवर खाचा, ऑक्सिजनचे सुलटे. एकाची नळी दुसऱ्याला चुकूनही लागू नये म्हणून! किती विचार केलाय कुणीतरी.

पण सगळ्यात भारी सायकलचं डावं पेडल. त्याचे आटे उलटे, उजव्याचे सुलटे. बेअरिंगच्या घर्षणाचा विचार केला तर हे अगदी उफराटं वाटतं, कारण ते घर्षण दोन्ही पेडलं सैल करायलाच बघतं. तरी ती टिकतात, कारण पायाचा भार फिरत्या क्रँकच्या भोकात जागा बदलत राहतो आणि पेडलचा दांडा त्या भोकाच्या कडेवरून अतिशय सूक्ष्मपणे उलटा गडगडत जातो. पटत नसेल तर एक पेन्सिल सैल मुठीत धरा, तिचं वरचं टोक दुसऱ्या हाताच्या बोटाने गोल गोल ढकला आणि बघा, पेन्सिल स्वतःभोवती विरुद्ध दिशेला फिरते! हा जोर घर्षणापेक्षा मोठा असतो, म्हणून डाव्या बाजूला उलटे आटे हवेत.

काढायला मात्र सोपं. उलट्या आट्यांसाठी हात बदलायचा, डावा हात पुढे करायचा, अंगठा सायकलपासून बाहेर रोखायचा. दोन्ही बाजूंना पान्याचा दांडा वर उभा असेल तर तो मागच्या चाकाकडे ओढला की पेडल सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकलला की बसतं. बसवण्याआधी आट्यांना जरासं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी ते गंजून अडणार नाही.