कालगुर्लीच्या पाण्याची गोष्ट

रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांना गोष्ट सांगण्याचा आमच्या घरीं परिपाठ आहे. त्यांत पश्चिम ऑस्ट्रेलियांतील ओकॉनर नांवाच्या इंजिनियराची गोष्ट आम्ही कितीतरी वेळां सांगितली असेल. सोन्याच्या खाणींच्या वैराण मुलखांत त्यानें नळानें पाणी नेलें; ठरल्या दिवशीं तोटी सोडली तों पाणी येईना; लोक हंसले; त्यानें आत्महत्या केली, आणि मागाहून पाणी आलें! "थोडा धीर धरला असता तर?" असें म्हणून आम्ही गोष्ट संपवीत असूं. तिकडेहि ती अशीच सांगतात, हें खरें. परंतु परवां आमच्या मुलीनें विचारलें, "बाबा, तो वारला कोणत्या सालीं, नि पाणी आलें कोणत्या सालीं?" तेव्हां प्रथमच आम्ही सालें पाहिलीं.

कूलगार्डीस सोनें सांपडलें १८९२ सालीं, व कालगुर्लीस १८९३ सालीं. हजारों माणसें तिकडे लोटलीं. पण पाणी कोठें होतें? खारें पाणी लांकडें जाळून उकळावयाचें, वाफ निववावयाची, आणि तें पाणी मापानें विकत घ्यावयाचें. विषमज्वरानें ऐन उमेदीचीं माणसें दगावत. सामानाची वाहतूक उंटांवर चाले. ते हांकणारे पुष्कळसे अफगाणिस्तानांतून व तेव्हांच्या हिंदुस्थानांतून गेलेले, पण तेथें सर्वांस सरसकट 'अफगाण'च म्हणत.

ओकॉनर जन्मानें आयरिश. फ्रीमॅन्टलचें बंदर त्याच्याच योजनेनें झालेलें. पर्थजवळ मंडारिंग येथें हेलेना नदीस बांध घालून पोलादी नळांनीं रोज ५० लक्ष गॅलन पाणी सुमारें ५३० किलोमीटर न्यावयाचें, आणि तेंहि चढावर, अशी त्याची योजना. वाटेंत पंपांचीं आठ ठाणीं. १८९६ सालीं २५ लक्ष पौंडांचें कर्ज मंजूर झालें. मग टीका सुरू झाली. योजना खुळचट ठरली, एवढ्यावर भागेना. वृत्तपत्रांतून त्याच्या सचोटीवरच शिंतोडे उडूं लागले.

ता. १० मार्च १९०२ रोजीं सकाळीं तो घोड्यावर बसून समुद्रकांठीं गेला, तो परतला नाहीं. कालगुर्लीस पाणी पोहोंचलें तें २४ जानेवारी १९०३ रोजीं. मध्यें दहा महिने! कोणी तोटी सोडली नव्हती, कीं कोणी वाट पाहात उभें नव्हतें. मागें ठेवलेल्या चिठ्ठींत त्यानें लिहिलें होतें कीं, योजना ठीक आहे. आणि अखेरीस, बांधाच्या बाजूच्या भिंती ताबडतोब घाला. आपल्या नळांवरचा त्याचा विश्वास उडालाच नव्हता. पुढें चौकशी झाली; त्याच्यावरील लांचलुचपतीच्या आरोपांस कांहींच आधार निघाला नाहीं.

म्हणजे ज्याला लोकांच्या जिभांनीं गांजलें, त्यालाच आम्ही इतकीं वर्षें उतावळा म्हणत आलों. आणि तेंहि मुलांदेखत.

त्या रात्रीं गोष्ट पुन्हां सांगितली, सालांसह. धाकट्यास सालांचें सोयरसुतक नव्हतें. त्यानें एवढेंच विचारलें, "मग तो बांध पुरा केला का त्यांनीं?"

केला, आम्ही म्हणालों. आजहि मंडारिंगचें पाणी तिकडे जातें.