ज्याची तक्रार कुणी करणार नाही

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

जिल्हा रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात तुझी नेमणूक झाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. मनापासून अभिनंदन. मशीनबद्दल तुला सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. तुमच्या अभ्यासक्रमात आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त शिकवतात. मला लिहायचंय ते परीक्षेत न विचारल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल.

इंजेक्शन चुकीचं टोचलं तर पेशंट ओरडतो. टाका सुटला तर दुसऱ्या दिवशी दिसतो. आपल्या किरणांना वास नाही, चव नाही, ते लागले तरी कळत नाही. एकाऐवजी तीन एक्स्पोजर दिले तरी माणूस ‘थँक्यू मॅडम’ म्हणून जातो. त्यामुळे आपल्या हातून होणारा बहुतेक अन्याय तक्रारवहीपर्यंत पोचतच नाही. मधुरा, आपल्या धंद्यातली सगळी नीती मला या एका गोष्टीतून उगवलेली दिसते.

मी फिल्मवर शिकलो. किरण जास्त झाले की फिल्म काळीठिक्कर, कमी झाले की पांढरी फटक. डार्करूममधून बाहेर येईपर्यंत आपली करणी सगळ्यांपुढे उघडी. तुझ्या डिजिटल मशीनवर तसं होणार नाही. गरजेच्या दुप्पट किरण दिले तरी संगणक चित्र सावरून घेतो. कमी दिले तर मात्र चित्र दाणेदार येतं आणि डॉक्टर कुरकुरतात. मग हात आपोआप जास्तीकडे झुकतो आणि महिन्याभरात ती सवय होते. म्हणून प्रत्येक चित्राबरोबर पडद्यावर येणारा एक्स्पोजर इंडेक्सचा आकडा वाचत जा.

कोलिमेशनचंही तेच. किरणांची चौकट आधी छातीपुरती करायची असते. ती मोकळी सोडून नंतर माऊसने कडा कापल्या तर चित्र हुबेहूब तसंच दिसतं. पेशंटच्या पोटाने मात्र नाहक किरण झेललेले असतात. लहान मुलांच्या बाबतीत तर हे कधीच करू नकोस. रिपीट घ्यावा लागला तर घे, पण बिघडलेलं चित्र गुपचूप पुसू नकोस. कारणासकट नोंद ठेव: पेशंट हलला, पोझिशन चुकली, श्वास धरला नाही. त्या नोंदींवरूनच विभागाला आपलं कुठे चुकतंय ते कळतं.

आकडा न वाचल्याने काय होतं, त्याचं एक उदाहरण जगाने पाहिलंय. लॉस एंजेलिसमधल्या एका नामांकित रुग्णालयात 2008 ते 2009 या काळात मेंदूच्या सीटीची एक सेटिंग बदलली गेली आणि 200हून अधिक रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट डोस गेला. हे दीड वर्ष चाललं. एका रुग्णाने केस गळाल्याची तक्रार केली, तेव्हा कुठे ते उघडकीला आलं. डोस आणखी थोडा कमी असता, तर केसही गळाले नसते आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

आता माणसांबद्दल. तुमच्या दाराबाहेर ‘गरोदर असल्यास सांगावे’ अशी पाटी असेल. ती लावली म्हणजे विचारण्याचं काम संपलं, असं समजू नकोस. गावाकडून आलेल्या बाईला वाचता येत असेलच असं नाही, आणि सासू शेजारी उभी असताना ती खरं सांगेलच असंही नाही. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी भावाबरोबर आली असेल तर भावाला आधी बाहेर बसव, दार लोटून घे, मग हळू आवाजात पाळीची तारीख विचार. ‘लग्न झालंय का’ हा प्रश्न त्याच्या जागी चालत नाही. मंगळसूत्र काढायला सांगताना कारण सांग, आणि काढलेलं ट्रेमध्ये न टाकता तिच्याच हातात दे. गाऊनच्या नाड्या मागून बांधून दे. रांगेत चाळीस माणसं असली तरी याला अर्धं मिनिटही लागत नाही.

चित्र पडद्यावर आलं की नातेवाईक काचेपाशी येतात. ‘मॅडम, काही आहे का हो?’ रिपोर्ट देणं आपलं काम नाही. पण ‘काही नाही, काळजी करू नका’ हासुद्धा रिपोर्टच असतो, हे लक्षात ठेव. ‘डॉक्टर बघून सांगतील’ एवढंच म्हण. मात्र फुप्फुसाभोवती हवा साचून ते मिटलेलं दिसलं, तर फिल्म ढिगाऱ्यात ठेवून मोकळी होऊ नकोस. ताबडतोब डॉक्टरांना फोन लाव. आणि पडद्याचा फोटो आपल्या मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकायचा नाही. छोट्या गावात कुणाच्या छातीत डाग निघाला ही बातमी पेशंटच्या आधी घरी पोचते.

सोनोग्राफीच्या खोलीत तुला मदतीला बोलावतील, म्हणून तेही लिहितो. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, 1988 सालचं. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. बंद खोलीत कुणीतरी काहीतरी सांगत होतं, त्याशिवाय हे घडत नाही. कायद्याने शब्दाने सांगणं गुन्हा आहे तसंच खुणेने सांगणंही, आणि शिक्षा फक्त डॉक्टरला नाही; केंद्रात तांत्रिक काम करणाऱ्या नोकरालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद करायचा फॉर्म एफ नंतर भरू म्हणून कोरा ठेवायला सांगितलं, तर तिथे थांबू नकोस.

एमआरआयचं एकच वाक्य: चुंबक रात्रीही चालू असतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. दारात तू असशील, तर वॉर्डबॉय, सिस्टर, खुद्द डॉक्टर, कुणालाही थांबवण्याचा अधिकार तुझा आहे.

स्वतःकडेही बघ. आपल्याला लागलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करू नकोस. तो लेड ॲप्रनच्या आत, छातीवर हवा. घाबरलेलं मूल धरायला रोज तूच पुढे होऊ नकोस. आईला किंवा बापाला ॲप्रन घालून उभं कर; आई असेल तर तिलाही आधी तोच पाळीच्या तारखेचा प्रश्न विचार.

तू नवीन आहेस, त्यामुळे ‘इथे असंच चालतं’ हे वाक्य तुला पुष्कळ ऐकायला मिळेल. भांडू नकोस. ‘सर, हे तुम्ही लिहून द्याल का?’ एवढं नम्रपणे विचार. चुकीचं काम लेखी द्यायला सहसा कुणी तयार होत नाही. कुणी दिलंच, तर तो कागद जपून ठेव, काम करू नकोस आणि मला फोन कर. मी निवृत्त आहे, वेळच वेळ आहे.

ताईला आणि भावजींना नमस्कार.

तुझा,
मामा