परतून घ्या

बीफ स्टर-फ्राय या पदार्थाला ‘झटपट’ हा शब्द ज्याने कुणी चिकटवला, त्याने मांस स्वतः कापलेलं नसणार. कढईतलं काम चार मिनिटांचं, हे खरं. पण त्याआधी पाऊण तास माझी सुरी चाललेली असते, आणि ती चालते तोवर शेगडी बंद असते. आमच्या वसईच्या घरी सगळं उलटं. आई आधी चूल पेटवायची. तेल तापेपर्यंत कांदा चिरून व्हायचा, कांदा लाल होईपर्यंत लसूण सोलून, आणि मांस शिजत पडलं की खोबरं, वाटण, शेजारणीशी दोन शब्द. रविवारी मिस्सा आटोपून आलं की बीफचं कालवण रटरटायला लागायचं ते बारा वाजेपर्यंत. जनावर थोराड असायचं. दोन तास उकळल्याशिवाय ते दाताला वश होत नसे. त्या दोन तासांत काहीही चुकलं तरी दुरुस्त करता यायचं. खारट झालं, बटाटा टाक. पातळ झालं, आटव. तिखट झालं, नारळाचं दूध.

मी हे मांस कापायला शिकलो ते टोरोंटोच्या पूर्वेला, स्कारबरोमध्ये. २००४ साली शिकायला गेलो होतो आणि संध्याकाळी एका छोट्या कँटनी हॉटेलात कामाला होतो. पहिले काही महिने भांडी घासली, मग कापायच्या पाटावर बढती मिळाली. दोन वर्षं मी फक्त कापलं. कढईला हात लावायची मुभा कधीच मिळाली नाही, आणि आज वाटतं ते बरंच झालं. मुख्य आचारी रोज पहिली दहा मिनिटं माझ्यामागे उभा राहून माझी सुरी बघायचा. बोलायचा काही नाही. कापलेला एखादा तुकडा उचलून दिव्यासमोर धरायचा आणि ठेवून द्यायचा. जाड वाटला तर ठेवायचा नाही, माझ्या हातात द्यायचा.

आम्ही कापायचो ते ‘फ्लँक’, म्हणजे पोटाच्या बाजूचा चपटा, लांबट तुकडा. त्यात धागे उघड्या डोळ्यांना दिसतात, सुंभाच्या दोरीसारखे एका दिशेने पडलेले. धाग्याच्या दिशेने कापलंत तर प्रत्येक फोडीत पूर्ण लांबीची दोरी राहते, आणि ती चावून तोडायचं काम जेवणाऱ्याच्या गळ्यात पडतं. आडवं कापलंत तर प्रत्येक धागा तीन-चार मिलिमीटरचाच उरतो. तेच मांस, तीच कढई. एक फोड वातड, दुसरी लुसलुशीत. धागा कुणीतरी तोडायचाच आहे, आता तुम्ही सुरीने तोडा किंवा पाहुणा दाताने तोडेल. मऊ मांस सुरीखाली सरकतं, म्हणून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून थोडं कडक करून घ्यायचं. ही युक्ती मला त्या पाटावर मिळाली आणि तिचा मोबदला मी अजून वसूल करतो आहे.

मग मुरवण. सोया सॉस, शाओशिंगची तांदळाची दारू, कॉर्नफ्लोअर, चमचाभर तेल. आणि खायचा सोडा. सोड्याचं नाव काढलं की आपल्या बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण त्याचं काम सरळ आहे. त्याने मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, तापल्यावर प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळू शकत नाहीत, आणि आतलं पाणी पिळून बाहेर पडत नाही. अर्धा किलोला अर्धा चहाचा चमचा, वीस मिनिटं, पुरे. एकदा मी अंदाजपंचे टाकला आणि चौघांना साबणाच्या चवीचं बीफ वाढलं. चौघेही सभ्य होते, म्हणून मला ते दुसऱ्या दिवशी डब्यात खाताना कळलं.

तर हे सगळं येऊनही पहिल्यांदा घरी केलं तेव्हा पुरती फजिती झाली. तळघरातली भाड्याची खोली, विजेची वेटोळ्याची शेगडी. पाऊण किलो मांस मी एकदम ओतलं. क्षणभर चर्रर्र झालं आणि मग आवाजच बसला. पाणी सुटलं. तपकिरी व्हायचं सोडून मांस राखाडी झालं आणि आपल्याच पाण्यात उकळत बसलं. मी बघत राहिलो, कारण करण्यासारखं काही नव्हतंच. आच वाढवायला जागा नव्हती, आणि पाणी आटेपर्यंत मांसाचं चामडं होणार होतं.

यातला हिशेब मला नंतर कळला. एक ग्रॅम पाणी शून्य अंशावरून उकळीला आणायला शंभर कॅलरी लागतात, पण उकळीच्या पाण्याची वाफ करायला वर आणखी पाचशे चाळीस. मांस खरपूस व्हायला त्याचा पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास जावा लागतो, आणि कढईत पाणी आहे तोवर तो शंभरापुढे सरकत नाही. हॉटेलातल्या भट्टीला याची फिकीर नसते. तिची आच घरच्या शेगडीच्या आठ-दहा पट असते, सुटलेलं पाणी सुटल्या जागी उडून जातं. घरी आच वाढवता येत नाही, म्हणून पाणी कमी करायचं आणि ओझं कमी करायचं. माझ्या कढईत एका वेळी दोनशे ग्रॅमहून जास्त मांस जात नाही. ते एका थरात पसरायचं आणि मिनिटभर त्याला हात लावायचा नाही. सतत ढवळत राहायचं, हा नावामुळे झालेला गैरसमज आहे.

नावावरून आठवलं. इंग्रजीत या क्रियेला शब्दच नव्हता. बुवेई यांग चाओ या चिनी डॉक्टरीणबाईंचं स्वयंपाकाचं पुस्तक १९४५ साली अमेरिकेत निघालं, त्यात ‘स्टर-फ्राय’ हा शब्द घडला. इंग्रजी त्यांच्या मुलीचं, नवरा भाषाशास्त्रज्ञ. घरात शब्दांचा तोटा नव्हता. मराठीला ही अडचण नाही, ‘परतणं’ आपल्याकडे आहेच. पण आपण भेंडी परततो, मेथी परततो. मांस मात्र ‘परतून घेतो’. त्या ‘घेतो’त सगळं आलं: पुढे वाटण पडायचं आहे, आधणाचं पाणी पडायचं आहे, झाकण पडायचं आहे. मी आयुष्यभर ज्याला सुरुवात समजत होतो, तिथे हा पदार्थ संपतो. त्या तळघरात माझं चुकलं ते हे. हात कँटनी कापत होते, डोक्यात मात्र ‘नंतर बघू’ होतं.

म्हणून आता शेगडीशेजारी वाट्या मांडल्याशिवाय मी बटण फिरवत नाही. आलं-लसूण एका वाटीत, सॉस कालवून दुसरीत, मांस दोन ताटल्यांत. भाजी म्हणून गाय-लान, ब्रोकोली आणि कोबीच्याच कुळातली, जाड देठांची. तिचे देठ उभे चिरून उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग पंचावर कोरडे. भाजी ओली असेल तर वरचा सगळा हिशेब वाया. कढईतून धुराची रेघ निघाली की तेल, मांस, मिनिटभर मौन, उलथनं, ताटलीत परत. मग दुसरा घाणा. मग आलं-लसूण, भाजी, मांस पुन्हा आत, कडेने सॉस. संपलं. फोडणी ज्याला जमते त्याला हे जमायला हवं, कारण मोहरी तडतडल्यावर कढीपत्ता शोधायला जायचं नसतं हे त्याला ठाऊक असतं. फरक एवढाच की जळू लागलेल्या फोडणीला वरण ओतून वाचवता येतं.

सॉसमध्ये ऑयस्टर सॉस हवाच. १८८८ साली ग्वांगडाँगच्या किनाऱ्यावर ली कुम शंग नावाचा माणूस कालवं उकळत ठेवून विसरला आणि तळाशी जो दाट तपकिरी रस उरला तो हा, असं सांगतात. कालवं आम्हालाही नवीन नाहीत. विसरायची कला तेवढी नव्हती.

‘वोक हेइ’बद्दल लोक विचारतात. ग्रेस यंग यांनी २००४ च्या पुस्तकात त्याला कढईचा श्वास म्हटलं आणि तेव्हापासून घरोघरचे हौशी आचारी तो श्वास पकडायला धावताहेत. माझं मत: घरी त्याचा नाद सोडा. कडेवरून उडालेले तेलाचे थेंब भट्टीच्या ज्वाळेत पेटतात, त्याचा तो वास. घरी पेटतो तो धुराचा भोंगा. खरपूस मांस, हिरवी करकरीत भाजी आणि ताटात पाणी नाही, एवढं साधलं तरी बऱ्याच हॉटेलांपेक्षा तुम्ही बरे.

गेल्या नाताळात वसईला हे करून बघितलं. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलही कायद्याने वर्ज्य आहेत, त्यामुळे मिळालं ते म्हशीचं. नांगराचा बैल मारू नये असे कायदे चीनच्या जुन्या राजवटींतही होते, आणि तिकडे आजही नुसतं ‘मांस’ म्हटलं की डुकराचंच समजतात. पण हे आईला सांगून उपयोग नव्हता. मी फोडी आणखी पातळ केल्या, सोडा दहा मिनिटं जास्त ठेवला, गाय-लानच्या जागी पातीचा कांदा आणि सिमला मिरची घेतली. आईची लोखंडी कढई गोल बुडाची, चाळीस वर्षं मुरलेली, गॅसवर झकास बसली. आवाज शेवटपर्यंत बसला नाही. आई शेजारी स्टुलावर बसून एकेक वाटी रिकामी होताना बघत होती.

तिने भात वाढून घेतला, एक फोड खाल्ली. “मऊ झालंय रे,” म्हणाली. आणखी एक खाल्ली. मग माझ्याकडे बघून विचारलं, “आणि कालवण?”

म्हटलं, हेच.

तिने कढईत डोकावून पाहिलं, उठली, आणि फ्रिजमधलं कालचं बोंबलाचं कालवण गरम करायला ठेवलं.