राणीछाप रुपया घासू नका



पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसा कमी पडला, की अजूनही कितीतरी घरांतले जपून ठेवलेले चांदीचे रुपये बाहेर निघतात. काळे पडलेले रुपये बाजारात कसे न्यावेत, म्हणून घरची बाई ते चिंच-राखेने लख्ख घासते. मी शेतीखात्यातला माणूस. पिकावरचा कोळी पाहायला खिशात भिंग असते, म्हणून लोक माझ्यापुढे नाणीही धरतात. पाहता पाहता मला त्यांचा नाद लागला. त्यातले चार शब्द सांगतो.

आधी साल वाचा. १९३९ पर्यंतचा इंग्रजी अमलातला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आणि १९४७ चा तर निकेलचा. त्याला लोहचुंबक चिकटते.

मग झीज पाहा. शेतात उंचवट्यावरची माती आधी धुपते, तशी नाण्यावरची उंच जागा आधी झिजते. राणीच्या रुपयावर गाल, कानावरचे केस आणि पोशाखावरची नक्षी तपासा. पंचम जॉर्जच्या छातीवरील साखळीत बारीक हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, म्हणून १९१२ पासून तो सुधारला. हत्तीची सोंड नीट दिसली, तर नाणे फारसे फिरलेले नाही असे समजा. कडेला डाग दिल्याची खूण असेल, तर ते कधीकाळी गळ्यातल्या माळेत ओवलेले होते. त्यानेही किंमत उतरते.

आता काळेपणाचे. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदीवर पातळ थर चढतो. तो आधी पिवळसर, मग तांबूस, निळसर आणि शेवटी काळा होतो. वर्षानुवर्षांत चढलेला असा रंग अक्षरांच्या कडेने हळूहळू गडद होत जातो. रसायनाने चढवलेला रंग बहुधा भडक आणि एकदम संपणारा असतो. जाड काळी खपली मात्र नुकसानच. नाणे उजेडात तिरके फिरवा. थराखालून चाकाच्या आऱ्यांसारखी चमक फिरली, तर मूळ तेज शाबूत आहे. घासलेले नाणे नुसते पांढरे दिसते आणि भिंगातून त्यावर बारीक ओरखडे दिसतात.

माझ्या माहितीतल्या एका मावशींनी सहा रुपये काढले. पाच घासून झाले आणि सहावा तेवढा राहून गेला. पाच चांदीच्या भावाने गेले. न घासलेला मात्र एका संग्राहकाने चढ्या दराने घेतला आणि त्यात सोयाबीनची पिशवी आली.

प्रत्येक जुना रुपया मोलाचा नसतो. पुष्कळ वापरलेला, नेहमी सापडणारा रुपया चांदीच्या भावाच्या आसपासच जातो. पण तसे ठरण्याआधी त्याला हात लावू नका. माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून टिपून घ्या. नाणे कडेने धरा, कोऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. रबर आणि लोकर त्याच्यापासून दूर ठेवा. विकायचेच असेल, तर सराफाबरोबर नाण्यांच्या जाणकारालाही दाखवा. तोवर चिंच आमटीतच बरी!