दंडाची पावती कुणाच्या नावावर?

आधी एक साधा हिशोब मांडतो. २ जुलै २०१०. जोहान्सबर्ग. वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, घाना विरुद्ध उरुग्वे. स्कोअर १-१ आणि जादा वेळेतले अगदी शेवटचे क्षण. घानाच्या खेळाडूने हेडर मारला, गोलकीपर जागेवर नाही, बॉल सरळ जाळ्यात चाललाय आणि गोललाइनवर उभ्या असलेल्या लुईस सुआरेझने तो चक्क दोन्ही हातांनी अडवला! नियमाप्रमाणे रेड कार्ड. नियमाप्रमाणे पेनल्टी. असामोआ ग्यानने ती क्रॉसबारवर मारली आणि पुढे शूटआउटमध्ये घाना हरलं. वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला पोचलेला पहिला आफ्रिकन देश होण्याचा मान त्यांच्या हातातून गेला. तो मोरोक्कोने मिळवला, थेट २०२२ मध्ये.

सुआरेझला शिक्षा काय, तर पुढची मॅच बंद. पुढची मॅच कुणाशी? हॉलंडशी. हॉलंडने ती ३-२ ने जिंकली. म्हणजे बघा, नुकसान झालं घानाचं आणि भरपाई मिळाली हॉलंडला!

ती मॅच लाइव्ह बघण्याइतका मी मोठा नव्हतो. होस्टेलला आल्यावर एका सिनियरच्या लॅपटॉपवर पाहिली आणि त्या रात्री रूम पार्टनरशी दोन वाजेपर्यंत भांडलो. त्याचं म्हणणं, "अरे, रेड कार्ड दिलं, पेनल्टी दिली, नियमात बसलं ना सगळं? पेनल्टी घालवली तो ग्यानचा प्रॉब्लेम." मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण पेनल्टी म्हणजे संधी, आणि तो बॉल ही संधी नव्हती, तो गोलच होता. चोराने हजार रुपये चोरले आणि कोर्टाने तुम्हाला हजाराचं लॉटरी तिकीट दिलं, असा हा न्याय. रग्बीत अशा वेळी रेफ्री सरळ पेनल्टी ट्राय देतो, म्हणजे जे झालंच असतं ते झालं असं धरतो. फुटबॉलवाल्यांना हे का जमू नये, मला आजवर कळलेलं नाही.

हाच सुआरेझ चावण्यासाठीही प्रसिद्ध आहे. २०१० मध्ये हॉलंडच्या लीगमध्ये चावला, ७ मॅचेस. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये चावला, १० मॅचेस. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीच्या किएलिनीच्या खांद्याला चावला, तेव्हा ९ आंतरराष्ट्रीय मॅचेस आणि फुटबॉलपासून ४ महिने दूर. शिक्षा वाढत गेली, दात तेच राहिले. आणि पुन्हा तोच हिशोब! इटलीविरुद्ध तो चावला तेव्हा रेफ्रीने पाहिलंच नाही, साधं यलो कार्डसुद्धा निघालं नाही. दोनच मिनिटांत उरुग्वेने गोल केला, इटली स्पर्धेबाहेर. सुआरेझ नसलेल्या उरुग्वेला पुढे हरवलं कोणी? कोलंबियाने. कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक आहे, पण तो भलत्याच लूपमध्ये जोडलाय.

झिदानची गोष्ट तर विनोदीच म्हणायची. २००६ ची बर्लिनची फायनल, मातेराझ्झीच्या छातीवर हेडबट, रेड कार्ड, फ्रान्स शूटआउटमध्ये हरलं. फिफाने त्याला ३ मॅचेसची बंदी घातली. पण ती त्याच्या आयुष्यातली शेवटची मॅच होती! बंदी भोगणार कशी? शेवटी ३ दिवस समाजसेवा केली. आणि त्याच स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडूचा गोल्डन बॉलही त्यालाच मिळाला. (झिदान मलाही आवडतो. पण म्हणून काय झालं?)

माझ्या मते खेळाडूला झालेली शिक्षा जवळजवळ बरोबर बसली अशी केस एकच, एरिक कांतोनाची. २५ जानेवारी १९९५, लंडनमधलं सेलहर्स्ट पार्क. मँचेस्टर युनायटेडच्या कांतोनाला रेड कार्ड मिळालं. तो बाहेर जात असताना क्रिस्टल पॅलेसचा एक प्रेक्षक पायऱ्या उतरून पुढे आला आणि काहीबाही ओरडला. कांतोनाने जाहिरातीच्या फळीवरून उडी घेऊन त्याला कुंगफू स्टाइल लाथ घातली. क्लबने सीझन संपेपर्यंत बसवलं, इंग्लिश एफएने ती बंदी सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवली. इथे मॅचेस मोजल्या नाहीत, महिने मोजले, हे लक्षात घ्या. कोर्टाने आधी दोन आठवड्यांची कैद सांगितली, अपिलात ती १२० तासांची समाजसेवा झाली. ते तास त्याने लहान पोरांना फुटबॉल शिकवण्यात घालवले. युनायटेडची लीग त्या वर्षी एका पॉइंटने हुकली. ओरडणाऱ्या प्रेक्षकावरही खटला झाला. म्हणजे लाथ मारणारा आणि डिवचणारा, दोघांनाही ज्याची त्याची पावती मिळाली. १ ऑक्टोबरला कांतोना परत आला आणि पुढच्या वर्षी युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले.

खेळाडूचं एक बरं असतं, त्याच्या पाठीवर नाव आणि नंबर असतो. खरी पंचाईत पब्लिकची.

ती पंचाईत आम्ही स्वतः भोगली आहे. गेल्या वर्षी इंटर-होस्टेल फायनलला आमच्या बाजूने एक चप्पल ग्राउंडमध्ये आली आणि लाइन्समनच्या पाठीत बसली. मी चप्पल उडताना पाहिली, पाय कुणाचा ते काही दिसलं नाही. निकाल असा लागला की आख्खं होस्टेल वर्षभरासाठी सगळ्या खेळांतून बाद आणि प्रत्येकाच्या डिपॉझिटमधून २०० रुपये कट. आमच्या विंगमधला एक जण टायफॉइडने महिनाभर घरी होता, त्याचेही २०० गेले. टेबल टेनिसवाला एक बिचारा जूनपासून रोज सकाळी प्रॅक्टिस करत होता, त्याचा चपलेशी काय संबंध? रेक्टर सरांकडे गेलो तर सर म्हणाले, "नाव सांगा, सगळ्यांचे पैसे परत करतो." नाव कुणी सांगितलं नाही.

सरांची बाजू मला कळत नाही असं नाही. एवढी पोरं, एक वॉचमन, संध्याकाळचा उजेड. सर तरी काय करणार? पण त्या दंडाने काय साधलं ते बघा. ज्याची चप्पल होती त्यालाही २०० च लागले. आमच्या सगळ्यांच्या पैशांत तो आरामात लपला. आणि गंमत म्हणजे दंड लागेपर्यंत होस्टेल त्या अज्ञात इसमाला शिव्या घालत होतं, दंड लागल्यावर शिव्या ऑफिसकडे वळल्या. आठवड्याभरात चप्पलवाला आमचा शहीद झाला!

विंगमधला कोल्हापूरचा पोरगा हे ऐकून नुसता हसला. तिकडे फुटबॉल तालमी-तालमींचा आणि पेठा-पेठांचा. शाहू स्टेडियमला मोठी मॅच असली की पेठच्या पेठ उतरते आणि हुल्लड, दगडफेकही तिथल्या लोकांना नवी नाही. तो म्हणाला, "एका पोरानं दगड मारला की आख्ख्या पेठेचं नाव जातंय बघ. आणि मग पेठ पण म्हणतीय, आमच्या पोराला हात लावून दाखवा."

जगातली सगळ्यात मोठी सामुदायिक शिक्षा इंग्लंडच्या क्लबांना झाली. २९ मे १९८५, ब्रुसेल्सचं हेझेल स्टेडियम, युरोपियन कपची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. मॅच सुरू होण्याआधी लिव्हरपूलच्या काही लोकांनी शेजारच्या भागावर चाल केली, घाबरलेले लोक भिंतीकडे पळाले, चेंगराचेंगरी झाली, भिंत कोसळली. ३९ माणसं मेली, बहुतेक इटालियन. यूएफाने इंग्लंडच्या सगळ्याच क्लबांना युरोपच्या स्पर्धांतून बाहेर काढलं. ही बंदी पाच वर्षं चालली, लिव्हरपूलची सहा. आता एव्हर्टनचं काय झालं ते ऐका. त्या वर्षीचे ते इंग्लंडचे चॅम्पियन. हेझेलच्या दोनच आठवडे आधी त्यांनी रॉटरडॅमला युरोपियन कप विनर्स कप जिंकला होता, तोही शांतपणे. लीग जिंकून युरोपियन कपचं तिकीट मिळालेलं आणि ते फाडावं लागलं. १९८७ मध्ये पुन्हा चॅम्पियन झाले, पुन्हा तेच. दगड नाही, चप्पल नाही, तरी पावती यांच्या नावावर.

कुणी म्हणेल, पण त्यानंतर इंग्लंड सुधारलं ना? सुधारलं, पण बंदीमुळे किती, याबद्दल मला शंका आहे. बंदी चालू असतानाच, १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचेच प्रेक्षक चेंगरले. एकूण ९७ मृत्यू. हुल्लडबाजांना रोखायला लावलेल्या लोखंडी कुंपणामुळे लोकांना पुढे मैदानात निसटता आलं नाही. जे निसटून आत आले ते सुरुवातीला पोलिसांना दंगेखोर वाटले! नंतर दोषही प्रेक्षकांवरच ढकलला गेला. प्रेक्षकांची चूक नव्हती हे ज्युरीने स्पष्ट सांगायला २०१६ साल उजाडलं. एकदा गर्दीला गुन्हेगार ठरवलं की गर्दीतला मरणारा माणूससुद्धा गुन्हेगार दिसायला लागतो. हे वाचलं त्या दिवशी माझं जेवणावरून मन उडालं होतं.

इंग्लंडमध्ये फरक पडला तो, माझ्या मते, नंतरच्या नीरस गोष्टींनी. लॉर्ड टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर मोठ्या मैदानांत प्रत्येकाला खुर्ची, खुर्चीला नंबर. वर कॅमेरे. आणि कोर्टाचा बंदी आदेश, जो एका माणसाच्या नावाने निघतो. तीन ते दहा वर्षं स्टेडियमचं तोंड बघायचं नाही आणि परदेशात टीमची मॅच असली की पासपोर्ट पोलिसांकडे जमा.

आपल्याकडे कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल मॅचला १६ जण गेले. पुढे ९ डिसेंबर २०१२ च्या याच दोन टीमच्या मॅचला स्टँडमधून आलेला दगड मोहन बागानच्या रहीम नबीच्या तोंडावर लागला. बागानची टीम मध्यंतरानंतर मैदानात उतरलीच नाही. म्हणून फेडरेशनने बागानला आय-लीगमधून बाहेर काढलं, मग ते मागे घेऊन २ कोटी दंड आणि १२ पॉइंट कट. खेळ सोडून जाणं चूक, मान्य. पण २ कोटींची चर्चा जेवढी झाली तेवढी दगड मारणाऱ्या हाताची झाली असती तर?

आता रिकाम्या स्टेडियमची शिक्षा. २००५ मध्ये मिलानमध्ये इंटरच्या स्टँडमधून जळत्या फ्लेअर आल्या, एक एसी मिलानच्या गोलकीपरला, दिदाला, लागली. मॅच बंद पडली, मिलानला ३-० देऊन टाकली आणि इंटरला युरोपच्या ४ मॅचेस रिकाम्या मैदानात. (धुरात उभा राहून रुई कोस्ताच्या खांद्यावर कोपर टेकवलेला मातेराझ्झी, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. हाच तो, झिदानवाला.) तुर्कस्तानने २०११ मध्ये वेगळी शक्कल लढवली. फेनरबाहचेला रिकाम्या मैदानाची शिक्षा होती, त्याऐवजी फक्त बायका आणि १२ वर्षांखालची मुलं, तीही फुकट. इस्तंबूलमध्ये ४१ हजारांवर आल्या! ऐकायला झकास. पण २०२२ मध्ये बुडापेस्टला हंगेरीची अशीच शिक्षेची मॅच होती, पोरं आणि त्यांच्याबरोबर थोडी मोठी माणसं, मिळून ३० हजारांच्या आसपास. वर्णद्वेषाविरुद्ध गुडघा टेकणाऱ्या इंग्लंडच्या खेळाडूंची त्यांनी हुर्यो उडवली. पोरं घरूनच शिकून येतात.

तर माझं म्हणणं असं, की क्लबला दंड जरूर करा, पण दगड पडला म्हणून नको. दगड कुणी मारला हे सांगता येत नाही म्हणून करा. गेट क्लबचं, तिकीट क्लबचं, कॅमेरा क्लबचा. नाव दिलं तर दंड माफ, नाही दिलं तर दुप्पट. मग बघा क्लब कसे कामाला लागतात.

हे होऊ शकतं. २१ मे २०२३ ला व्हॅलेन्सियाच्या मैदानात रेआल माद्रिदच्या व्हिनिसियसला वर्णावरून शिवीगाळ झाली. वैतागलेल्या व्हिनिसियसला वर रेड कार्डही मिळालं, ते नंतर रद्द झालं. आधी ठरलेलीच शिक्षा, एक स्टँड ५ मॅचेस बंद, अपिलात ३. पण प्रकरण तिथे थांबलं नाही. तिघांना शोधून कोर्टात उभं केलं आणि जून २०२४ मध्ये त्यांना ८ महिन्यांची कैद सुनावली. पहिलाच गुन्हा म्हणून प्रत्यक्ष तुरुंगात जावं लागलं नाही, पण दोन वर्षं स्टेडियम बंद. हजारोंच्या गर्दीतून तीन माणसं निघाली!

आमच्या स्पोर्ट्स सेक्रेटरीला मी सांगून आलोय. यंदा फायनलला पायऱ्यांवर रूम नंबरप्रमाणे बसवा, चुन्याने आकडे मी स्वतः टाकतो. तो म्हणाला, "चुन्याचे पैसे कोण देणार?" सगळ्यांकडून दोन-दोन रुपये काढायचं ठरतंय.