बैठकीचे माप

युद्धखेळांतल्या लहान पुतळ्यांविषयी बोलताना रंगकामाची आणि गणवेशाच्या अचूकतेची चर्चा पुष्कळ होते. पुतळा ज्या चपट्या तुकड्यावर उभा असतो त्याचा विषय मात्र एखादे कोष्टक देऊन संपवला जातो. खेळणारे त्याला 'बेस' म्हणतात. मूर्तीच्या संदर्भात आपण वापरतो तो 'बैठक' हा शब्द मला अधिक योग्य वाटतो, कारण कोणाला किती जागा आणि कोणाशेजारी, हा प्रश्न त्या शब्दातच आहे. मी साहित्य शिकवतो, आणि फावल्या वेळात पंधरा मिलिमीटरचे शिसाचे शिपाई रंगवतो. या दोन उद्योगांत मला वाटले होते तितके अंतर नाही. बैठकीचे माप ठरवणे हा वाचनाचा, म्हणजेच अर्थनिर्णयनाचा, एक प्रकार आहे, असे माझे मत होत गेले आहे.

या खेळाची दोन घराणी आहेत. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेऑर्ग फॉन राइसवित्झ याने आपल्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात १:८००० प्रमाणाच्या नकाशावर ठोकळे सरकवले जात, आणि प्रत्येक ठोकळा ती तुकडी प्रत्यक्षात जितकी जमीन व्यापेल तितक्याच मापाचा असे. त्यात माणूस दिसत नसे, केवळ त्याने व्यापलेली जागा दिसे. दुसरे घराणे एच. जी. वेल्स याच्या १९१३ सालच्या 'लिटल वॉर्स'चे. तेथे जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडून त्यांच्यावर स्प्रिंगच्या तोफेने गोळे मारत. पडला तो मेला. त्या शिपायाच्या पायाखालचा तुकडा त्याला उभे ठेवण्यापुरता होता, जमिनीशी त्याचा काही हिशेब नव्हता. म्हणजे राइसवित्झकडे पुतळ्यावाचून बैठक आहे आणि वेल्सकडे बैठकीवाचून पुतळा. आजचा खेळाडू पुतळा बैठकीवर चिकटवतो तेव्हा ही दोन्ही घराणी एकत्र आणतो. अडचण येथूनच सुरू होते, कारण दोघांचे प्रमाण एक नाही.

हिशेब करून पाहू. पंधरा मिलिमीटरचा पुतळा, तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजला तर, साधारण १:१०० प्रमाणाचा असतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय कवायतीत रांगेतल्या एका माणसाला सुमारे २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर जागा मिळे. सहाशे माणसांची पलटण तीन रांगांत उभी केली तर तिची रुंदी ११२ मीटर भरते. टेबलावर ही पलटण मी ४० मिलिमीटर रुंदीच्या चार बैठकांनी दाखवतो; म्हणजे जमिनीचे प्रमाण १:७०० झाले. शिपाई ज्या जमिनीवर उभा आहे तिच्या मानाने सातपट मोठा आहे. खोलीची गोष्ट याहून वाईट. तीन रांगा प्रत्यक्षात जेमतेम तीन मीटर खोल, म्हणजे टेबलावर चार मिलिमीटर. पण पुतळ्याचे पाय मावायला बैठक वीस मिलिमीटर खोल लागते. रुंदी खरी ठेवायची तर खोली खोटी पडते आणि खोली खरी ठेवायची तर पुतळाच काढून टाकावा लागतो. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असतो आणि कोणालाही ते खटकत नाही; तेथे आपण किल्ला मोजत नाही. येथे मात्र मोजण्यावरच हार-जीत ठरते, म्हणून कोणते खोटे स्वीकारले हे जाणून असावे लागते.

एका माणसाला जागा किती, हा प्रश्न या छंदाहून पुष्कळ जुना आहे. मॅसिडोनियन व्यूह आणि रोमन लीजन यांची तुलना करताना पॉलिबियसने नेमका हाच मुद्दा घेतला. व्यूहातल्या भालाईताला तीन फूट पुरतात. तलवार चालवणाऱ्या रोमन सैनिकाला हालचालीसाठी आणखी तीन फूट लागतात. त्यामुळे एका रोमन सैनिकासमोर व्यूहातल्या दोन ओळी येतात. फिल बार्कर आदींच्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' या १९९० सालच्या नियमावलीत पंधरा मिलिमीटरचे चार भालाईत ४० मिलिमीटरच्या बैठकीवर उभे राहतात. प्रत्येकाला दहा मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षातला एक मीटर. पॉलिबियसच्या तीन फुटांच्या अगदी जवळ. मोठ्या पुतळ्यांसाठी बैठक ६० मिलिमीटरची केली तरी हिशेब फारसा ढळत नाही. परंतु त्याच नियमावलीत रोमन तलवारबाजही तेवढ्याच रुंदीवर चारच आहेत. पॉलिबियसने दाखवलेला फरक बैठकीवर न दिसता फाशाच्या गुणांकात गेला आहे. तो कोठे दाखवायचा, हा निर्णय आहे, आणि निर्णय म्हटला की त्याची जबाबदारी आली.

या जबाबदारीची जाणीव मला असईची लढाई मांडताना प्रकर्षाने झाली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला. माझ्याबरोबर खेळणाऱ्या मित्राने वेलस्लीची बाजू घेतली होती. आमच्या घरगुती नियमांत अनियमित सैन्य खोल बैठकीवर, कमी पुतळ्यांनी, सुटेसुटे दाखवतात आणि त्याला एकत्र वळणे अवघड जाते. मित्र म्हणाला, "अरे, शिंद्यांचे कंपू तसे सुटेच लाव ना. लांबून बघितलं तरी दोन्ही सैन्यं वेगळी कळतील." त्याच्या म्हणण्यात कुत्सितपणा नव्हता. टेबलावर दोन बाजू चटकन ओळखू याव्यात ही रास्त अपेक्षा आहे.

तरीही मी ते मानले नाही. वेलस्लीने नदी ओलांडून डाव्या बगलेवर येण्याचा डाव टाकला, तेव्हा पोहलमनने आपली कवायती पायदळाची संपूर्ण रांग तोफांसह काटकोनात वळवून त्याच्यासमोर उभी केली. इतक्या त्वरेने हे घडेल अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. पुढे त्याच्या सैन्याची हानी, मृत आणि जखमी धरून, दीड हजारांवर गेली. हे पायदळ मी सुट्या बैठकीवर चिकटवले असते, तर जी हालचाल प्रत्यक्षात झाली ती टेबलावर अशक्य ठरली असती. पराभव कसा झाला हे शोधण्याआधीच तो पराभूतांच्या स्वभावात घातला गेला असता. म्हणून ७८ व्या हायलँडर पलटणीला आणि पोहलमनच्या पलटणींना मी एकच माप दिले: ४० बाय २० मिलिमीटर, चार पुतळे, खांद्याला खांदा. त्या दिवशी फारसे न लढलेल्या घोडदळाला सैल बैठक दिली. तेथे ती खरी आहे. लढाईपूर्वी अनेक ब्रिटिश अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले होते. ती उणीव सेनापतीच्या हुकमांच्या संख्येत धरली, शिपायाच्या पायाखाली नाही. वेगळेपणासाठी गणवेशाचे रंग पुरेसे होते.

कादंबरीत गर्दी येते तेव्हा कोणाला नाव मिळते आणि कोण नुसताच जमाव राहतो, हे आपण वर्गात विद्यार्थ्यांना विचारायला लावतो. तोच प्रश्न येथे मिलिमीटरमध्ये येतो. प्रमाण बदलले की तो प्रश्न मिटत नाही, त्याचे रूप बदलते. २८ मिलिमीटरच्या पुतळ्याला चेहरा असतो, म्हणून तेथे एकेका माणसाला मोकळी जागा देण्याचा मोह होतो. सहा मिलिमीटरला चेहरा नाही, परंतु एका बैठकीवर वीस-तीस पुतळे बसतात आणि रांग रांगेसारखी दिसते. पहिल्यात माणूस अधिक खरा, दुसऱ्यात पलटण. नवा खेळाडू कोणते माप घेऊ असे विचारतो तेव्हा मी त्याला आधी एवढेच विचारतो, की ही माणसे प्रत्यक्षात एकमेकांपासून किती अंतरावर उभी होती, आणि ते तुला कोणी सांगितले? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत गोंदाची बाटली उघडू नये.