नवे प्लग, नवं दुखणं

नवे स्पार्क प्लग टाकले आणि गाडी मिसिंग करायला लागली. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगपर्यंत थरथर, आणि चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नाही, लुकलुकतोय. शेजारचे काका म्हणाले, "पेट्रोलात भेसळ असणार." आपल्याकडे हे निदान गाडीच्या कुठल्याही आजाराला चालतं!

स्कॅनर लावला. मिसिंगचा कोड आला, पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडर सांगतो, कारण नाही. म्हणून तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगला ठिणगी देणारी कॉइल पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर, कोड पुसला आणि एक चक्कर मारून आलो. आता पी०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला होता, म्हणजे नवा प्लग निर्दोष. कॉइल उलटी धरून आत टॉर्च मारला, तर रबरी बूट वाळून कडक झालेला, त्याला बारीक चीर, आणि चिरेच्या कडेने पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. ठिणगी प्लगच्या टोकाला पोचण्याआधीच तिथून इंजिनच्या धातूत पळत होती. वर्षानुवर्षं तापलेलं रबर प्लग बदलताना ओढलं की असं फाटतं. कोड जागचा हलला नसता, तर प्लगच्या पांढऱ्या भागावर तडा शोधला असता, मग इंजेक्टर.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडतो.